तीन किलोवॅट की पाच? आधी बिलं काढा, मग गच्चीवर चला

प्रश्न असा आला आहे: कऱ्हाडजवळच्या गावात स्वतःचं घर, गच्ची साधारण ९०० चौरस फूट. वर्षाची सरासरी काढली तर महिन्याला २७० युनिट. मुलाला यंदा एसी लावायचाय. गल्लीत चार घरांवर सोलर बसलं. दोन कोटेशनं हातात आहेत, ३ किलोवॅटचं १,९५,००० रुपयांचं आणि ५ किलोवॅटचं ३,१०,००० रुपयांचं. दुसरा म्हणतो, "सर, मोठंच बसवा, बिल कायमचं शून्य." कोणतं घ्यावं? पॅनेल कोणत्या कंपनीचं? लाईट गेल्यावर चालेल ना? आणि घरातून विचारणा आहे की पापड-कुरडया कुठं वाळवायच्या? विचारणारे निवृत्त शिक्षक आहेत.

सर, तुम्ही सरासरी काढून प्रश्न विचारलात, तिथंच निम्मं काम झालं. माझ्याकडे येणारे दहापैकी आठजण "शेजाऱ्यानं पाच बसवलं, मलाही पाच" इथून सुरुवात करतात. मी सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात २०११ पासून हे काम करतोय. त्या काळी आपल्याकडे 'सोलर' म्हटलं की गरम पाणी. गच्चीवर काळ्या नळ्या आणि वर टाकी, एवढंच लोकांना ठाऊक. विजेचं सोलर म्हणजे श्रीमंतांची हौस किंवा सरकारी कार्यालयावरचं शोभेचं काम. निळसर रंगाची अडीचशे वॅटची पॅनेलं यायची, आणि किलोवॅटला लाखाच्या वर खर्च सांगितला की माणूस चहा पिऊन उठायचा. आज तेच पॅनेल ५४० वॅटच्या पुढचं आलंय, काळं, आकारानं दरवाजापेक्षा मोठं, आणि किलोवॅटला साठ-पासष्ट हजारांत काम होतं.

वाढ एकदम झालेली नाही. केंद्रानं २०१५ मध्ये ठरवलं होतं की २०२२ पर्यंत देशातल्या छतांवर ४० गिगावॉट (एक गिगावॉट म्हणजे दहा लाख किलोवॅट) बसवायचं. मार्च २०२४ उजाडला तरी आकडा १२ गिगावॉटच्या आतच होता. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, ७५,०२१ कोटींची, एक कोटी घरांचं लक्ष्य ठेवून, आणि अनुदान थेट ग्राहकाच्या खात्यात. मार्च २०२५ पर्यंत दहा लाख घरं झाली. त्यात गुजरात पहिला, आपण दुसरे. तुमच्या गल्लीतली चार घरं याच लाटेतली असणार. लाटेबरोबर माझ्या धंद्यात बरेच नवे लोक आले. त्यातले काही चांगले आहेत. काहीजण मात्र गच्चीवर न चढता व्हॉट्सअ‍ॅपवर कोटेशन पाठवतात. तुम्हाला ५ किलोवॅट सांगणारा गच्चीवर चढला होता का, हे मला आधी कळवा.

आता हिशेब. महिन्याला २७० म्हणजे वर्षाला ३,२४० युनिट. एसीचं काय? दीड टनाचा इन्व्हर्टर एसी रात्री सात-आठ तास चालला तर सहा ते आठ युनिट खातो. उन्हाळ्याच्या नव्वद रात्री धरा, सव्वासातशेच्या आत बसतं. म्हणजे एसीसकट तुमची वर्षाची गरज चार हजारांच्या आसपास. आपल्या भागात नीट बसवलेला १ किलोवॅट वर्षाला १,३०० ते १,४०० युनिट देतो. तीन किलोवॅटचे झाले ३,९०० ते ४,२००. तुमचा आकडा त्यात जवळजवळ मापून बसतो.

पाच किलोवॅट घेतलं तर वर्षाला साडेसहा हजारांच्या वर युनिट तयार होतील आणि अडीच हजार शिल्लक राहतील. त्या शिलकीचं काय होतं, हे कोटेशनमध्ये कुणी लिहीत नाही. नेट मीटरमध्ये तुम्ही दिवसा पाठवलेली वीज आणि रात्री घेतलेली वीज यांची वजाबाकी होते. एखाद्या महिन्यात पाठवलेली जास्त झाली तर ती पुढच्या महिन्यात ओढली जाते. हे खातं ३१ मार्चला बंद होतं. त्या दिवशी जे युनिट उरतात त्यांचे पैसे वीज कंपनी वीज नियामक आयोगानं ठरवलेल्या दरानं देते, आणि तो दर तुम्ही ज्या भावानं वीज घेता त्याच्या जवळपासही नसतो. अगदी युनिटला तीन रुपये धरले तरी अडीच हजार युनिटांचे साडेसात हजार. त्यासाठी तुम्ही जादा गुंतवणार १,१५,०००. आणि अनुदान? पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,०००, तिसऱ्याला १८,०००, एकूण ७८,०००. तिथंच थांबतं. पाच बसवा नाहीतर आठ, ७८,०००च. म्हणजे चौथा आणि पाचवा किलोवॅट पूर्ण तुमच्या खिशातून.

तीन किलोवॅटचा खर्च अनुदान जाऊन १,१७,००० पडतो. तुमचं आजचं २७० युनिटांचं बिल तीन हजारांच्या आगेमागे येत असेल. पहिल्या शंभर युनिटांना वहन आकार धरून सहा रुपयांच्या आसपास, १०१ ते ३०० च्या टप्प्याला अकरा-बारा, त्यावर स्थिर आकार आणि १६ टक्के वीज शुल्क. दर वर्षागणिक हलतात, पण ठोकताळा हाच. सोलरनंतर स्थिर आकार आणि किरकोळ काही राहील, ते कुणाचंच सुटत नाही. म्हणून 'बिल शून्य' म्हणणाऱ्याला विचारा, स्थिर आकार तू भरणार का? महिन्याला अडीच-पावणेतीन हजार वाचले तर साडेतीन ते चार वर्षांत पैसे वसूल. कर्ज काढायचं असेल तर राष्ट्रीयीकृत बँका तीन किलोवॅटपर्यंत तारणाशिवाय देतात, साधारण सहा-सात टक्क्यांनी.

ज्यांचं बिल महिन्याला ८०-९० युनिटांचं आहे त्यांनी घाई करू नये, असं माझं मत आहे. त्यांची वीज मुळातच स्वस्त टप्प्यात असते, वाचणार ती स्वस्तातली. मजा वरच्या टप्प्यांत आहे. तीनशेच्या पुढं जाणाऱ्या घराला सोलर सगळ्यात लवकर फिटतं.

एवढं झाल्यावर खरं काम सुरू होतं, गच्चीवर.

माझी एक चूक सांगतो. २०१४ चा जून. एका बंगल्यावर ३ किलोवॅट बसवलं, बारा पॅनेलं, सगळी एका माळेत. गच्चीच्या दक्षिण बाजूला जिन्याची खोली, तिच्यावर पाण्याची टाकी. मी दुपारी बारा वाजता गच्चीवर उभा राहिलो, सावली बघितली, टाकीची सावली पॅनेलांकडे येतच नव्हती. खूश होऊन काम उरकलं. डिसेंबरात मालकांचा फोन, "काय हो, तुमच्या सोलरला थंडी वाजती का? तेरा युनिट यायचे, आठच येतात." सकाळी गेलो. टाकीची लांबच लांब सावली खालच्या ओळीतल्या पॅनेलांवर आडवी पसरलेली. मी जून महिन्यात सावली मोजली होती. आपल्या अक्षांशावर मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्याही किंचित उत्तरेला असतो, सावली दक्षिणेकडे पडते. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेला इतका कलतो की भर दुपारीही पन्नास अंशांच्या वर चढत नाही. शाळेत उत्तरायण-दक्षिणायन पाठ केलं होतं, गच्चीवर उभं राहिल्यावर आठवलं नाही. पॅनेलं हलवली, स्वखर्चानं. तेव्हापासून टेप आणि होकायंत्र घेतल्याशिवाय मी वर जात नाही.

तुम्ही भूगोल शिकवला असेल तर हा आकडा आवडेल. २२ डिसेंबरला कऱ्हाडला घड्याळात सकाळी साडेनऊ वाजता सूर्य तीस अंशांवर असतो आणि कुठल्याही वस्तूची सावली तिच्या उंचीच्या पावणेदोन पट लांब पडते, वायव्येकडे. टाकीचा माथा गच्चीपासून चौदा फूट असेल तर सावली चोवीस फूट. दुपारी साडेतीनच्या सुमारास तीच गोष्ट ईशान्येकडे. या दोन सावल्यांच्या मधला जो त्रिकोण उरतो त्यात पॅनेल ठेवू नका. बाकी गच्ची तुमची. खडूनं रेघा मारून बघा, घरातली लहान मुलंही खेळ म्हणून मारतील.

सावलीला एवढं का घाबरायचं? पॅनेलं माळेत जोडलेली असतात, एकाच पाइपातून पाणी जावं तशी वीज सगळ्यांमधून जाते. एकाची तोटी आवळली की मागच्यांचंही पाणी अडतं. पॅनेलच्या आत त्यासाठी पळवाट ठेवलेली असते, डायोडची, त्यामुळं सगळी माळ मरत नाही. पण ज्या भागावर सावली त्या भागाची वीज गेलीच. आजच्या हाफ-कट, म्हणजे दोन अर्ध्या भागांत जोडलेल्या, पॅनेलांनी त्रास थोडा कमी झालाय, संपलेला नाही. शेजारच्या नारळाची एक झावळी, केबलवाल्याची तार, कपडे वाळत घालायची दोरी, सगळं मोजा. आणि शेजारी पुढच्या वर्षी मजला चढवणार आहे का, हेही सहज विचारून ठेवा. हे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही.

उन्हाबद्दल एक गैरसमज आहे. लोकांना वाटतं, मे महिन्यात ऊन रणरणतं म्हणजे सोलर धो-धो चालणार. पॅनेलला उजेड हवा असतो, ताप नको असतो. पॅनेलवर लिहिलेले ५४० वॅट हे पॅनेल २५ अंशांवर असताना मोजलेले असतात. मेच्या दुपारी काचेखाली साठ-पासष्ट अंश होतात, आणि दर अंशामागं टक्क्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं उत्पादन घटतं. म्हणजे बारा-तेरा टक्के तिथंच गेले. दिवस मोठा असल्यामुळं महिन्याचं उत्पादन तरीही चांगलं येतं, पण अ‍ॅपमध्ये सगळ्यात उंच टोक फेब्रुवारीच्या एखाद्या स्वच्छ, गार दुपारी दिसतं. म्हणून पॅनेल छताला चिकटवून बसवू नये, खालून वारा खेळला पाहिजे. जुलै-ऑगस्टात उत्पादन जवळजवळ निम्म्यावर येतं. तेव्हा फोन करू नका, ते बरोबर चाललेलं असतं. एप्रिल-मेमध्ये साठलेले युनिट तेव्हा कामी येतात.

आता लाईट गेल्यावर काय. सर, बंद पडतं. लख्ख ऊन असलं तरी बंद. ग्राहक यावरून सगळ्यात जास्त चिडतो, कारण विकताना कुणी सांगितलेलं नसतं. कारण साधं आहे. वायरमन खांबावर चढलाय, लाईन बंद आहे असं समजून हात घालतोय, आणि तुमच्या गच्चीवरून वीज उलटी लाईनमध्ये जातेय, असं होऊ नये म्हणून सोलरचा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरच्या विजेसारखी करणारा डबा) लाईन गेल्याबरोबर स्वतःला तोडून घेतो. लाईन आली की थोडा वेळ तपासणी करून परत जोडतो. दिवसभर सोलर हवंच असेल तर बॅटरीवाला हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, आणि लिथियमच्या बॅटरीसकट खर्च जवळजवळ दुपटीकडे जातो. तुमच्या गावात रोज चार तास लाईट जात नसेल तर माझा सल्ला, घरात आहे तोच जुना इन्व्हर्टर-बॅटरी राहू द्या, पंखे-दिवे त्यावर चालतील. फक्त एक बघा. सोलरची जोडणी त्या घरगुती इन्व्हर्टरच्या अलीकडे, मेन स्विचच्या बाजूला झाली पाहिजे, पलीकडे नको. पलीकडे जोडली तर लाईट गेल्यावर सोलरला घरगुती इन्व्हर्टरची वीज हीच लाईन वाटू शकते आणि दोन्हींपैकी एक जळतो. असे जळालेले मी दोन बघितलेत.

तुमच्या गल्लीत आधीच चार सिस्टीम आहेत, म्हणून एक तपासणी जादा करा. चार-आठ दिवस दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान घरातला व्होल्टेज मोजा. गल्लीतले सगळे त्या वेळी वीज बाहेर ढकलत असतात, घरात मात्र कुणी फारसं वापरत नसतं. ट्रान्सफॉर्मर लांब असेल तर व्होल्टेज २५५, २६० पर्यंत चढतो आणि इन्व्हर्टर 'ग्रिड ओव्हर व्होल्टेज' दाखवून बंद होतो. पाच-दहा मिनिटांनी परत सुरू, परत बंद. महिनाअखेरीला युनिट कमी येतात आणि माणूस पॅनेलला शिव्या देतो. मळ्यातल्या एका घरी मला तीन चकरा मारून कळलं की दोष निम्मा आमचाच होता. इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंत चाळीस मीटरवर अडीच स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर जाडीची) वायर ओढली होती. तेवढ्या लांबीत वायरच चार-पाच व्होल्ट चढवत होती. सहा स्क्वेअरची टाकली, बंद पडणं थांबलं. बाकी निम्म्यासाठी ट्रान्सफॉर्मरचा टॅप, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय, उतरवून घ्यायला वीज कार्यालयात अर्ज द्यावा लागतो, आणि तो गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून दिला तर हलतो.

अर्थिंगबद्दल आग्रह धरा. तीन वेगळे खड्डे: एक वीजरोधकाचा (आभाळातली वीज जमिनीत नेणाऱ्या सळईचा), एक स्ट्रक्चर म्हणजे पॅनेलांचा लोखंडी सांगाडा आणि पॅनेलकडची डीसी बाजू यांचा, एक घराच्या विजेकडच्या एसी बाजूचा. आपल्याकडे फूटभर मातीखाली काळा कातळ लागतो, मग मजूर तीन फुटांवर थांबतो आणि वर झाकण बसवून मोकळा होतो. वरून सगळे खड्डे सारखेच दिसतात. खोदताना उभे राहा. काम झाल्यावर अर्थ टेस्टरनं तुमच्यासमोर मोजायला लावा, पाच ओहमच्या आत आलं पाहिजे. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा खड्ड्यात बादलीभर पाणी ओता. वळवाच्या पावसात कडाडायला लागलं की हे तीन खड्डे आठवतात, पण तेव्हा खोदता येत नाही.

स्ट्रक्चर गरम बुडवून जस्त चढवलेलं हवं. रंग मारलेला काळा पाइप तीन पावसाळ्यांत गंजतो. कोकणातल्यांनी याबाबत अजिबात तडजोड करू नये. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानं श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला काय केलं ते ज्यांनी पाहिलं ते नटबोल्ट मोजून घेतात. तुमच्याकडे तेवढं वादळ नाही, पण वळवाचा वारा मळ्यातून मोकळा येतो. आणि गच्चीला भोक पाडण्याआधी वॉटरप्रूफिंगचं विचारा. गळती आधीपासून असेल तर ती आधी थांबवा. पॅनेलं बसल्यावर खाली गळू लागलं की सोलरवाला गवंड्याकडे आणि गवंडी सोलरवाल्याकडे बोट दाखवतो.

कंपनी कोणती? यावर लोक तासभर बोलतात, मी दोन मिनिटांत संपवतो. अनुदानासाठी पॅनेल आणि त्यातल्या सेलही भारतात बनलेल्या लागतात, त्यांना डीसीआर म्हणतात. मोठ्या भारतीय कंपन्यांच्या डीसीआर पॅनेलांत तुम्हाला जाणवेल असा फरक नाही. सगळेच पंचवीस वर्षांची वीजनिर्मितीची हमी देतात. फसवणूक होते ती वेगळ्या ठिकाणी. कोटेशनवर डीसीआर आणि गच्चीवर दुसरंच, कारण ते स्वस्त पडतं. पॅनेल वर चढण्याआधी प्रत्येकाच्या मागच्या स्टिकरचा आणि काचेआडच्या क्रमांकाचा फोटो काढून ठेवा, योजनेच्या पोर्टलवर तेच क्रमांक चढले पाहिजेत. जास्त विचार इन्व्हर्टरचा करा. पहिल्यांदा बिघडणार तो तोच. त्याची सेवा साताऱ्यात-कोल्हापुरात मिळते की पुण्याला कुरिअर करावा लागतो, एवढं विचारा. तो गच्चीवर उन्हात टांगू नका, जिन्यात सावलीला, हवा लागेल असा.

कागदांत एकच अडचण वारंवार येते. बिल अजून आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर असतं. अर्ज ग्राहक क्रमांकावर होतो, अनुदान त्याच नावाच्या खात्यात जातं, आणि आजोबा वारून वीस वर्षं झालेली असतात. तुमचंही तसं असेल तर आधी नाव बदलून घ्या, त्यात काही आठवडे जातात. बाकी १० किलोवॅटपर्यंत आता तांत्रिक तपासणीची मंजुरी वेगळी लागत नाही, २०२४ च्या नियमबदलानं ते सोपं झालं. अनुदान ग्राहकाच्या खात्यात येतं, विक्रेत्याच्या नाही. 'अनुदान वजा जाता इतके द्या' असं कुणी म्हणालं तर पूर्ण रक्कम, अनुदान आणि तुमचा हिस्सा असे तीन आकडे वेगळे लिहून घ्या. तुमचं कोटेशन २२ सप्टेंबर २०२५ च्या आधीच्या कराप्रमाणं आहे का तेही बघा. त्या दिवसापासून सोलरच्या सामानावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. पूर्ण कामावर हिशेबानं १३.८ टक्के पडायचे ते ८.९ झाले. दोन लाखांच्या कामात हा फरक आठ-नऊ हजारांचा आहे. शेवटचे दहा टक्के पैसे नेट मीटर फिरायला लागल्यावरच द्या. चांगला माणूस याला नाही म्हणत नाही. योजनेत पाच वर्षांची देखभाल विक्रेत्यावर आहे, ती करारात आहे ना वाचा.

मधेच सोसायटीवाल्यांसाठी, कारण तेही विचारतात. लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे यांच्या सामाईक मीटरसाठी किलोवॅटला १८,००० अनुदान आहे. तिथं तंत्राची अडचण नसते, सर्वसाधारण सभेची असते. वरच्या मजल्यावरचे म्हणतात गच्ची आमची, खालचे म्हणतात लिफ्ट आम्ही वापरत नाही. ठराव आधी, कोटेशन नंतर.

देखभाल सोपी आहे पण करावी लागते. पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी साडेसहाच्या आत, टाकीचं पाणी आणि मऊ मॉप. भर उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका, आणि बोअरचं जड पाणी वापरलं तर क्षारांचे पांढरे डाग बसतात, ते सहजी निघत नाहीत. तुमच्या भागात एक जादा त्रास आहे. कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की धुराड्याची काजळी उडते आणि पाचट पेटवल्याची राख येते. सकाळी गच्चीवर पाय ठेवला की तळवे काळे होतात, तसंच पॅनेलवरही बसतं. त्या चार महिन्यांत पंधरा दिवसांऐवजी आठ दिवसांनी पुसा. मी एका घरी एकाच सकाळी तीन पॅनेलं पुसून तीन तशीच ठेवली होती, मालकांना पटावं म्हणून. पुसताना बादलीतलं पाणी शाईसारखं झालं. त्यानंतर त्यांना कधी सांगावं लागलं नाही. वानरांचा उपद्रव असेल तर त्यावर माझ्याकडे उपाय नाही. ती पॅनेलवर बसतात, ऊन खातात, एखादी वायर उपसतात. वायरी पाइपातून न्या, तेवढंच.

अ‍ॅप येईल फोनवर. पहिला महिना तुम्ही दिवसातून पन्नास वेळा बघाल, नंतर विसराल. त्यापेक्षा दर महिन्याच्या एक तारखेला मीटरवरचे दोन आकडे, आलेले आणि पाठवलेले, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. शिक्षक माणूस आहात, वहीही ठेवाल. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून बघितलं की बिघाड लगेच दिसतो.

आता वहिनींचा प्रश्न. माझ्या घरीही तो पहिला विचारला गेला होता, मी विसरलो होतो. सहा पॅनेलांना मधल्या जागेसकट तीनशे चौरस फूट पुरतात. विक्रेता तुम्हाला आठ फूट उंच स्ट्रक्चर सुचवेल, खाली गच्ची मोकळी राहते म्हणून. त्याला वीस-पंचवीस हजार जादा लागतात, वारा जास्त घेतो, पुसायला शिडी लागते. आणि वाळवणाला ऊन हवं, सावली घेऊन काय करायचं? नऊशे फुटांच्या गच्चीला त्याची गरज नाही. दक्षिणेच्या कठड्यालगत चार-साडेचार फुटांचा पट्टा तसाही रिकामा सोडावाच लागतो, कारण साडेतीन फुटांच्या कठड्याची डिसेंबरातली सकाळची सावली तिथवर येते आणि पॅनेल तिथं ठेवता येत नाही. मार्च-एप्रिलमध्ये, कुरडया घालायच्या दिवसांत, त्याच कठड्याची दुपारची सावली वीतभर उरते. तो सगळा पट्टा तेव्हा कडक उन्हात असतो. पाण्याचा नळ त्याच बाजूला काढून घ्या, पॅनेल पुसायलाही लागेल आणि साडी अंथरायच्या आधी गच्ची धुवायलाही.